भिंतीआडचं ऐकणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं पुरुषांच्या पंगतीला बसायच्या. लग्न होऊन मी उंब्रजच्या या घरात आले, त्याच आठवड्यात त्यांनी मामंजींशेजारी स्वतःचं ताट मांडलेलं मी पाहिलं आणि मला धडकी भरली. फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या मामंजींसमोर कुणी मोठ्यानं शिंकतही नसे. वन्संनी मात्र, "भूक काय बाईमाणूस बघून लागती व्हय?" म्हणत खुशाल भाकरी मोडली.

सासूबाई आणि मी भिंतीआड चुलीपाशी. पंगत बसे त्या सोप्यातलं काही दिसत नसे, सगळा कारभार कानावर. वाटी खरवडली की आमटी, तांब्या रिकामा वाजला की पाणी. हाक मारायची वेळ आली, तर वाढणारीची नाचक्की. वन्संचं बालपणही त्याच भिंतीआड गेलेलं.

विश्रामबागेतलं कॉलेज संपवून त्या समुद्राकाठच्या एका संस्थेत लागल्या. काम काय, तर खोल पाण्यात माइक सोडून देवमासा कसा जेवतो ते ऐकायचं. एकदा त्यांनी परातीवर बोटं वाजवून दाखवलं. अंधारात तो टकटक करत भक्ष्य शोधतो, ते जवळ आलं की टकटक वाढत जाऊन नुसती करकर होते, मग एकदम गप्प. सासूबाई लगेच म्हणाल्या की घास गेला असंल. वन्सं हसून म्हणाल्या, "तूच शिकवलंस की हे, आई."

मग बोटीवर जायची वेळ आली आणि मामंजी अडून बसले. बोटीवर बाईचं काय काम, आणि माशाचं जेवण ऐकून कुणाचं भलं होणार?

"आण्णा, आईनं जलमभर भिंतीआडनं तुमचं जेवण ऐकलं. तवा न्हाई कवा इचारलंसा," वन्सं म्हणाल्या. "मी जाणार."

"गेलीस तर ह्या घरात तुझं ताट न्हाई."

त्या गेल्या. मला इतका अभिमान वाटला, की एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत रडायचंही सुचलं नाही.

दुपारी मामंजी एकटेच जेवायला बसले. वाटी खरवडली. मी उठणार, तोच सासूबाईंनी माझा हात दाबून धरला आणि आम्हा दोघींची ताटं वाढली. वाटी पुन्हा वाजली. शेवटी मामंजींनी हाक मारली.

"ऐकू येतंय आवं," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "लेकीचं ताट बंद, तर माझं वाढणं बी बंद."

सोप्यात पाट सरकल्याचं ऐकू आलं. मग मामंजी आपलं ताट घेऊन आत आले.