आधी तुम्ही, कर्नलसाहेब

पस्तीस वर्षं बस चालवून आमचे शापूर निवृत्त झाले आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात रुजू झाले. हळदीच्या डब्यात सुकी लिंबं, लिंबांच्या बरणीत पुदिना. वर मलाच विचारणार, "तूबा, तांदूळ इतक्या आधी का भिजवतेस?" चाळीस वर्षं भिजवतेय, अजून कोणी मेलं नाही.

त्यामुळे त्यांनी जुनी मिनिबस घेऊन इराणातल्या आमच्या काशानच्या निवृत्त मंडळींना सहलीला न्यायचा धंदा काढला, तेव्हा मी गुपचूप नवस बोलले. माझा भाऊ टपूनच बसला होता. पहिली सहल फसली तर बस त्याच्या कोंबड्या वाहायला जाणार, आणि शापूर परत माझ्या ओट्यापाशी.

गुलाबाचे दिवस होते. कमसरला गुलाबपाण्याच्या भट्ट्या बघायला बारा जण निघाले. रोज पहाटे टेकडी चढणारी तगडी माणसं. चौकात सातला सगळे हजर, पण सव्वाआठपर्यंत बसमध्ये मी एकटी. घरापासूनच बसून आले होते. बाकीचे दारात.

"आधी तुम्ही, कर्नलसाहेब."

"छे हो मास्तर, तुम्ही वडीलधारे."

"तुमच्यापुढे पाऊल टाकू? लोक काय म्हणतील?"

मग शापूरनी डोकं लढवलं. "मंडळी, दाराजवळची जागा मानाची. शेवटी चढेल त्याची."

मान स्वतःहून कोण घेणार? अशी रेटारेटी झाली की मास्तरांची टोपी रस्त्यातच राहिली. कर्नल गुडघ्याचा पट्टा बांधत होते, ते मागे राहिले आणि मानकरी ठरले.

कमसर आलं. भट्टी पेटलेली, वास थेट बसमध्ये. कोणी हलेना.

कर्नल म्हणाले, "मास्तरांच्या आधी मी कसा उतरू?"

मास्तर म्हणाले, "आणि मानकऱ्याला ओलांडून मी जाऊ?"

पाऊण तास हेच. भट्टीवाल्यानं खिडकीतून चहा दिला, तर पहिला पेला कोण घेणार म्हणून तोही गार झाला. शेवटी कर्नल हळूच म्हणाले, "शापूरजान, परतच जाऊया का?"

शापूरचा चेहरा पडला. माझ्या डोळ्यांपुढे हळदीचा डबा आला.

मी पिशवी काखोटीला मारली. "सरका. मला आईबापांनी काही वळण लावलेलं नाही." कर्नलांचे गुडघे ओलांडून उतरले आणि तरातरा भट्टीकडे निघाले. आता बाईमाणसाला परक्या गावात एकटं कसं सोडायचं? बाराही जण माझ्यामागे धावत आले. मानकरी सगळ्यांत पुढे.

संध्याकाळी सगळ्यांनी पुढच्या शुक्रवारी यायचं पक्कं केलं. मास्तरांनी एकच अट घातली. "तूबा खानम हव्यातच. आपल्यात एक तरी उद्धट माणूस लागतो."

धंदा जोरात आहे. शापूर आता स्वयंपाकघरात नसतात. मीही नसते. हळद कुठल्या डब्यात आहे, ते आता दोघांनाही ठाऊक नाही.