चौथा बोल्ट

मी उंदरांची झोप मोजते असं सांगितलं, की आमच्या आकुर्डीच्या सोसायटीतली माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या आईकडे बघतात. आईने या बाबतीत बरंच सोसलं आहे. मुलगी काय करते, या प्रश्नाला तिने सुरुवातीला 'रिसर्च' असं एका शब्दात उत्तर देऊन पाहिलं, पण आमच्या मजल्यावरच्या बायकांचं एका शब्दात भागत नाही. शेवटी 'दवाखान्यात असते' यावर तिने तडजोड केली. संत तुकाराम नगरच्या बाजूला आमची प्रयोगशाळा आहे आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर रक्त-लघवी तपासतात, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझ्या कामाची लाज कधी वाटली नाही, पण ते त्यांना पुरतं पटलंही नव्हतं. धाराशिवकडून ते विशीत इकडे आले, आधी भोसरीत आणि मग चाकणला इंजिनाच्या लाइनीवर लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी बोल्ट आवळले. बोल्ट आवळण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. चार बोल्ट असले की आधी एक आवळायचा, मग त्याच्या समोरचा, मग उरलेल्या दोघांतला एक आणि शेवटी चौथा. ओळीने आवळले तर झाकण एका अंगाला बसतं आणि पुढे तेल गळतं. घरातला पंखा, नळ, माझ्या स्कूटरचं चाक, सगळं याच क्रमाने घट्ट झालेलं आहे. अप्पा शर्टाची बटणंसुद्धा ओळीने लावत नाहीत, असं आई म्हणायची. ते खरं नव्हतं, पण मी लहानपणी बराच काळ ते लक्ष देऊन बघत असे.

आमचं घरही शिफ्टवर चालायचं. अप्पांची तिसरी शिफ्ट असली की दिवसा पडदे ओढलेले, मिक्सर बंद आणि दारावरची बेल काढून ठेवलेली. दहावीचा अभ्यास मी त्यामुळे कुजबुजत केला आहे. म्हणून आमच्या उंदरांच्या खोलीत रात्री दिवे लावतात आणि दिवसा अंधार करतात, म्हणजे आम्ही कामावर असतो तेव्हा उंदीर जागे राहतात, हे मी सांगितलं तेव्हा अप्पांनी तेवढ्यापुरता रस घेतला.

"म्हंजी कायम तिसरी शिफ्ट? आठवड्याला बदलत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांच्यात युनियन दिसत नाही, असं म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

काम असं आहे. आमचे उंदीर जन्मतःच जरा वेगळे असतात. त्यांच्या मेंदूत एक प्रथिन हळूहळू साचत जातं, कंपवाताच्या माणसांच्या मेंदूत साचतं तसं. धडधाकट जनावराला स्वप्न पडतं तेव्हा मेंदू शरीराला कुलूप घालतो, सगळे स्नायू सैल पडतात, म्हणून स्वप्नात धावणारा प्राणी जागेवरच पडून राहतो. आमच्या उंदरांचं हे कुलूप वयाबरोबर ढिलं होतं. ते झोपेत पाय झाडतात, तोंड हलवतात. माणसांतही हे दिसतं. स्वप्नात लाथा मारणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसांपैकी अनेकांना पुढे कित्येक वर्षांनी कंपवात होतो. कुलूप नेमकं कधी ढिलं होतं आणि तेव्हा मेंदूत काय झालेलं असतं, हे आम्हाला पकडायचं होतं.

त्यासाठी उंदराला भूल देऊन डोक्यावर मोहरीएवढे चार स्क्रू बसवायचे, मानेच्या स्नायूत एक तार सोडायची आणि सगळं मशीनला जोडायचं. ते मशीन दिवसरात्र झोपेची रेघ काढत राहतं. मी स्क्रू समोरासमोर आवळते हे आमच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात हेरलं आणि ही पद्धत कुठे शिकलीस, असं विचारलं. मी म्हटलं, चाकणला. चाकणला अशी कोणती संस्था आहे, हे त्यांनी दोन दिवस शोधलं असावं.

इकडे घरी आईची एक तक्रार चालू होती. निवृत्त झाल्यापासून अप्पा झोपेत हात-पाय झाडतात, ओरडतात, एकदा तर तिच्या खांद्यावर असा गुद्दा बसला की आठवडाभर पोळ्या लाटताना दुखत होतं. तिने दोघांच्या मध्ये लोड ठेवायला सुरुवात केली. त्या लोडाला आम्ही बॉर्डर म्हणायचो. अप्पा स्वप्नात ओव्हरटाइम करतात, हा आमच्या घरातला ठरलेला विनोद होता आणि तो माझा होता. पाहुण्यांना मी तो हातवारे करून सांगायचे. प्रयोगशाळेत चहाच्या वेळीसुद्धा सांगितला आहे, आणि तोही उंदरांच्या झाडलेल्या पायांची नोंद करता करता. वाचणाऱ्याच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या या पट्ट्यात त्या दिवशी ज्याच्याकडे म्हणून यंत्र आहे तो त्याला हार घालतो. मोठ्या कंपन्यांत घरच्या मंडळींना आत सोडतात आणि बायका-पोरं आपल्या माणसाचं मशीन बघून येतात. लहानपणी मी अप्पांची लाइन अशीच बघितली होती, आणि आता माझं मशीन बघायला अप्पांनी यावं असं मला वाटत होतं. मॅडम पुण्याच्या, पूजेला त्यांची ना नव्हती, पण ती कशी करतात हे आमच्यात कुणालाच धड माहीत नव्हतं. तेव्हा अप्पांना रीतसर बोलावणं गेलं.

ते इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवीत झेंडूचा हार, हळदकुंकू आणि नारळ घेऊन आले. उंदरांच्या खोलीत जाता येणार नाही, बाहेरच्या मशीनच्या खोलीतच पूजा करायची, उदबत्ती लावायची नाही आणि नारळ आत फोडायचा नाही, हे मी त्यांना दारातच सांगितलं. धूर नाही, नारळ नाही, मग ही पूजा का हजेरी, असं ते पुटपुटले. ती खोली आम्ही काळोखी ठेवतो, एक लाल दिवा तेवढा असतो. त्या उजेडात त्यांनी मशीनला हार घातला, कॉम्प्युटरला हळदकुंकवाची बोटं लावली आणि मॅडमच्या हातावर पेढा ठेवला. बाकीचे खाली नारळ फोडायला निघाले तेव्हा अप्पा म्हणाले, मी बसतो इथंच. पूजा झाल्या झाल्या मशीनला एकटं सोडणं त्यांना बरं वाटेना. मी खाली गेले, तिथून एका मीटिंगमध्ये अडकले आणि माझे वडील वर अंधारात बसले आहेत हे चक्क विसरले. दोन तासांनी धावत वर आले तर ते खुर्चीत ताजेतवाने बसले होते. चहा घेतला आणि बसने घरी गेले. त्या घाईत मी मशीनकडे बघितलंही नाही.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो तर मशीन बंद. लाइट गेल्याचं निमित्त नव्हतं, भिंतीवरचं बटणच कुणीतरी दाबलेलं. आमचे उंदीर नेमके कुलूप ढिलं होण्याच्या वयात होते आणि त्यांच्या दोन दिवसांच्या झोपेचा कागद कोरा. मॅडमनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. झाडणाऱ्या मावशी, इलेक्ट्रिशियन, मी, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मग मॅडमना आठवलं की अंधारात दिसणारा नवा कॅमेरा पूजेच्या दिवशी सकाळीच त्या खोलीच्या कोपऱ्यात चाचणीसाठी लावला होता आणि तो वेगळ्या प्लगवर चालत होता. बाकीच्यांना कामाला पाठवून आम्ही दोघी चित्रण बघायला बसलो.

अप्पा एकटे खोलीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बटण पुसलं, हात जोडले आणि बटण दाबलं.

माझे कान तापले. चाकणला खंडेनवमीच्या पूजेनंतर लाइन बंद असायची आणि दसरा होईपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचं नाही. आपल्या लेकीचं मशीन हार घालूनही राबवताहेत हे त्यांना बघवलं नसणार. त्यांनी त्याला हक्काची सुट्टी दिली होती. मी कपाळावर हात मारून घेतला. मॅडमना हसू आवरत नव्हतं आणि रागही सोडवत नव्हता. मी चित्रण थांबवायला गेले, तर राहू दे, त्यानंतर आणखी कोण आलं तेही बघू, असं त्या म्हणाल्या. त्यांनी ते भरभर पुढे पळवलं.

अप्पा खुर्चीत बसले. मान भिंतीला टेकली आणि झोप लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचा उजवा हात वर आला. मूठ वळली आणि मनगट फिरलं, एकदा, दोनदा. हात सरकला, समोरच्या बोल्टवर गेला. पुन्हा मनगट. मग तिसरा. मग त्यांनी पायाने समोरचं स्टूल उडवलं, तोंड उघडून कुणाला तरी जोरात हाक मारली आणि पुन्हा पहिल्या बोल्टपासून सुरुवात केली. डोळे मिटलेले होते. मॅडमनी तो भाग मागे नेऊन सावकाश लावला, उंदरांचा लावतात तसा, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला.

"वडिलांना हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं," मी म्हटलं. आकडा माझ्या तोंडात तयार होता. उंदरांच्या नोंदी मी ज्या वहीत करते तिथे हे वाक्य लिहिलं असतं तर मला लगेच कळलं असतं. गुन्हेगार शोधायला बसले होते आणि सापडले मीच. इतकी शरम मला आयुष्यात वाटलेली नाही. कोऱ्या कागदाचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही.

आईला त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"मी चार वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "उंदराने सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी लिहून घेतलं असतंस."



अप्पांना सांगायला मला आठ दिवस लागले. शेवटी एका सकाळी चहा झाल्यावर मी मोबाइलवर ते चित्रण त्यांच्यापुढे धरलं. बटणाचा प्रसंग आल्यावर ते ओशाळले, मशीन बंद केल्यानं तुझं एवढं अडेल हे मला काय माहीत, असं म्हणाले, आणि तुम्ही लोकं एक दिवससुद्धा दम खात नाही, हेही सुनावलं. मग झोपेचा भाग आला. संपल्यावर त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लाइनीवर माल तपासायचे तसे.

"चौथा बोल्ट आवळलाच न्हाई म्या," ते म्हणाले. "दोन्ही खेपेला सोडला."

या रोगाबद्दल मी जे समजावणार होते त्यातलं काही बोलावं लागलं नाही. मोबाइल परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, कुठं जायचं ते सांग.

डॉक्टरांनी एका रात्रीपुरतं त्यांना ठेवून घेतलं, डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा चिकटवल्या. सकाळी मी न्यायला गेले तर केसांत डिंकासारखं काहीतरी सुकलेलं होतं आणि अप्पा तारा लावणाऱ्या मुलीवर नाराज होते, ती ओळीने लावत गेली म्हणून. तपासणीत जे निघालं ते मला आणि मॅडमना माहीतच होतं. कुलूप ढिलं झालं होतं. हाताला कंप अजून नव्हता. तो कदाचित बऱ्याच वर्षांनी येईल, कदाचित येणारही नाही, आणि तो येऊच नये असं औषध अजून कुणाकडे नाही. पलंगाजवळचं टोकदार टेबल हलवा, गादी खाली घाला, झोपेच्या गोळ्या द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेगळं झोपण्याचाही सल्ला दिला. आईने तो साफ धुडकावला आणि आणखी एक लोड आणला.

परतताना रिक्षात अप्पा बाहेर बघत होते. चिंचवड मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, तुझ्या उंदरांना यावर काही सापडलं का. मी म्हटलं, अजून नाही. मला त्या वेळी त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमच्यात ती पद्धत नाही, म्हणून मी त्यांची पिशवी धरून बसले.

नवे उंदीर वाढवून पुन्हा त्या वयाला येईपर्यंत वर्षातले कितीतरी महिने गेले आणि रेघ नेमकी रंगात आली तेव्हा पुढची खंडेनवमी दारात उभी. मॅडमनी बटणावर चिकटपट्टी लावू का, असं अवघडून विचारलं. मी नको म्हटलं, पण दिवसभर माझं लक्ष त्या बटणावरच होतं.

अप्पा तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांनी हार घातला, कुंकू लावलं. या खेपेला कुणी खाली गेलं नाही. मशीनच्या पडद्यावर रेघ सरकत होती, पलीकडे अंधारात एखादा उंदीर शिफ्टमध्येच डुलकी काढत होता. अप्पांनी रुमाल काढून बटण पुसलं, हात जोडले, आणि त्यांचं बोट बटणाजवळ जाऊन थांबलं. उभ्या जन्मात खंडेनवमीच्या पूजेनंतर त्यांनी मशीन चालू ठेवलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे चालू," ते म्हणाले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. "ह्याला सुट्टी नको."