गोळीचा वाटा आणि माझा

“पार्किन्सन्सच्या गोळीचा हा परिणाम आहे. याला इम्पल्स कंट्रोल डिसऑर्डर म्हणतात,” धारवाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मनात उठलेली ओढ आवरण्याची शक्ती क्षीण होणे. थोरला मुलगा आनंदाने म्हणाला, “बघा अप्पा, तुमची काही चूक नाही!” नातलगांतही आता हीच कथा सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे, म्हणून हे लिहितो.

हुबळीत माझे गुळाचे घाऊक दुकान आहे. ढेपेचा कण जिभेवर टेकवावा, चव पारखावी, थुंकावा आणि मगच भाव बोलावा, ही आमची रीत. उजवा हात कापू लागला तेव्हा ‘डोपामिन अ‍ॅगोनिस्ट’ सुरू झाले. मेंदूत डोपामिन हे रसायन कमी पडते, त्याचे काम ही गोळी करते. हात स्थिरावला. मी पुन्हा ताठ मानेने गादीवर बसलो.

पण कण थुंकणे थांबले. कणाचे खडे झाले. पोट भरलेले असतानाही हात जाई. कोणी टोकले की मी गुरकावत असे, “पारख चालली आहे!” पुढे घरच्या डब्यातला गूळही सरू लागला.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. त्याच सुमारास तिची साखर वाढली. गूळ आईच खाते, असा मुलाने तर्क बांधला आणि कपाटाला कुलूप लावले. “आई, लहान मुलासारखं काय हे?”

“मी शिवलेसुद्धा नाही रे,” ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

खाण्याची, जुगाराची, खरेदीची नवी ओढ लागली का, असे डॉक्टरांनी पूर्वीच विचारले होते. गोळी बंद होईल या धास्तीने मी ‘नाही’ म्हणालो होतो. धारवाडच्या या खेपेस माझे वजन पाहून त्यांनी पुन्हा विचारले. मुलगा हसला, “गूळ खाते आई, वजन वाढतं अप्पांचं!” पत्नीने मान खाली घातली.

मी म्हणालो, “तो गूळ मी खाल्ला.”

डॉक्टरांनी समजावले, की पोट भरल्याचे सांगणारी मेंदूतली यंत्रणा निराळी आणि सुखासाठी खायला लावणारी ‘रिवॉर्ड सर्किट’ ही साखळी निराळी. गोळी तिलाही चेतवते. मात्रा हळूहळू उतरवली. अशी गोळी आपल्या मनाने तोडायची नसते. ओढ ओसरली. हात थोडा कापतो.

परतताना पत्नी म्हणाली, “ओढ गोळीची, हे कळलं हो. पण मी बोलणी खात होते, तेव्हा गप्प बसायची गोळी कुठली घेतली होती?”



अशी नवी ओढ तुम्हाला लागली, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा. आणि तुमच्या चुकीचा आळ दुसऱ्या कुणावर आला असेल, तर आधी त्या माणसासमोर खरे बोला. पाहुणे ‘सारे गोळीनेच केले’ म्हणतात, तेव्हा मी पत्नीच्या देखत त्यांचे बोलणे खोडून काढतो. ‘राहू द्या हो आता’ असे तिने अजून म्हटलेले नाही. तिने इतक्यात ते म्हणू नये, असेच मला वाटते.