पद्मश्रीची चौकशी आणि आईची कडी

मंडळी, ऐका काय झालं.

आज दुपारी आमच्या ऐरोलीच्या फ्लॅटवर साध्या वेशातला पोलीस आला. लेकीच्या पासपोर्टची चौकशी, बाकी काही नाही. पण दार आईने उघडलं. "ती इथं नाय राहत," म्हणाली आणि धाडकन दार लावलं. मी धावत आले, तर आई कडी घट्ट धरून उभी होती.

मला ऐंशीच्या दशकातलं आमचं तुर्भ्याजवळचं गाव आठवलं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या होत्या, आंदोलन चालू होतं, पोलीस कधी कुणाला उचलतील नेम नव्हता. तेव्हाही असेच साध्या वेशातले दोघं आले. मिठागरातल्या मजुरांच्या मुलांना शिकवणाऱ्या आमच्या गुरुजींबद्दल विचारायला लागले. माणूस कसा आहे? घरी कोण येतं-जातं?

"ते कवाच गाव सोडून गेले," आईने सांगितलं. अख्ख्या गावाने तेच सांगितलं. गुरुजी आमच्याच माळ्यावर श्वास रोखून बसले होते.

पुढे कळलं, ती चौकशी पद्मश्रीसाठी होती. त्याआधी पोलीस माणसाची माहिती काढतात, हे आम्हाला कुठे ठाऊक? पद्मश्री काही आली नाही.

आज मी म्हटलं, "अगं आई, प्रत्येक पोलीस उचलायला येत नाही."

"उचलायला पन तेच येतात, मान द्यायला पन तेच. दाराच्या फटीतून कसं वळखायचं?"

तुम्हाला सुचतंय का याचं उत्तर? आईने कडी अजून काढू दिलेली नाही.