दोन बोटं जागा

आकाराम टायरवाला गेला तेव्हा शाहूपुरीतले लोक म्हणाले, कारागीर चांगला, पण पुढं पुढं डोक्यानं जरा सरकला होता. माझं टाळकंच फिरलं. सरकला कशानं, ते मला विचारा की! पण विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

अठ्ठेचाळीस साली माझी भाड्याची मोटार होती. लढाईनंतर टायरची कोण टंचाई! माझ्या चाकांना सव्वापाच इंची टायर लागायचे, पण लष्करी मालाच्या लिलावात मला सहा इंची मिळाले. चांगले जाडजूड. मी हुरळून गेलो.

"रुंद हाईत रं बाळासो," आकाराम म्हणाला. "मडगार्डला घासतील."

"बसवून तर बघ लेका!"

त्यानं बसवले. चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली आणि टायर न् मडगार्डच्या मधे बोटं घातली. दोन बोटं जागा होती. "बसलं की," तो म्हणाला. आकाराम एकदा 'बसलं' म्हणाला की कोल्हापूरचे ड्रायव्हर बिनघोर गाडी हाकायचे.

तिसऱ्याच दिवशी त्याची बायको तानाबाई कोडोलीला निघाली, भावाच्या हळदीला. आकारामच्या हातात काम होतं, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. तिच्या माहेरची धरून माझ्या गाडीत अकरा माणसं कोंबली, वर शिधा. आमच्याकडं गाडी मोकळी कधी जाते?

वाघबीळचा घाट जवळ आला आणि वळणावर खर्रर्र आवाज येऊ लागला. दाराशी बसलेली तानाबाई म्हणाली, "भावजी, जळल्यावानी वास येतोय."

मला कळलं होतं. ड्रायव्हरला कळतंच. पण थांबलो असतो तर अकराजण उतरले असते, माझ्या नव्या टायरांवर हसले असते.

"नवं रबर हाय वैनी, वास यायचाच," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर टायर फुटला. गाडी चरात उलटली. कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय. तानाबाई गाडीखाली सापडली. ती तिथंच गेली.

आकारामनं तो टायर घरी नेला. मडगार्डच्या कडेनं त्याला गोल कापत नेलं होतं. तिचं तेरावं झाल्यावर तो माझ्याकडं आला. "मोकळ्या गाडीला मापलं रं मी. माणसं बसली की गाडी खाली दबती, एवढं मला कळू नये?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

सासरा म्हणाला, तिची दोरी तेवढीच हुती. मेव्हण्यांनी उलट त्यालाच धीर दिला. आमच्या गावात पाय लागला तरी आईबहिणीवरून शिव्या मिळतात. ह्याला कुणी हूं म्हणून बोललं नाही. "एकानं तरी शिवी हासडावी की," तो म्हणायचा.

तेव्हापासून तो गाडी भरून मापायचा. रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायचा, "ओ पावणं, वाईच बसा की गाडीत!" लोक हसत हसत बसायचे. मी गाडी सोडली होती, अंगानं जाड, त्यामुळं मी त्याचं रोजचं वजन. तो खाली वाकून बोटं घालायचा. जागा असली तरी मान हलवायचा, "अरुंद बघा." 'बसलं' हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. गिऱ्हाईकं वैतागून दुसरीकडं गेली. हळूहळू दुकान बसलं.

असं नऊ वर्षं चाललं. सत्तावन्न सालचा उन्हाळा. गाडीत आम्ही सातजण, तो चाकाशी. बोटं तशीच ठेवून त्यानं वर पाहिलं.

"बाळासो, घासल्याबिगर टायर कापत न्हाय. तवा आवाज आला असंल की रं तुला?"

नऊ वर्षं मी ह्याच प्रश्नाला भीत होतो. आता सांगावं, त्याचं ओझं उतरवावं, असं अगदी ओठावर आलं.

"न्हाय," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली. "तेच म्हणतो मी. आला असता तर तू थांबवली असतीस की."

आणि तो दुसऱ्या चाकाकडं सरकला. मला उतरून पळावंसं वाटत होतं, पण त्याचं माप व्हायचं होतं. मी बसून राहिलो.