आश्रुबाची चिमूटभर पूड

शाळेसाठी सूक्ष्मदर्शक मागायला १९८६ साली परभणीच्या एका कॉलेजात गेलो, तेव्हा आश्रुबा वाव्हळे पहिल्यांदा दिसला. प्रयोगशाळेतला हा रोजंदारीचा शिपाई दाराशी कान देऊन उभा होता.

आत संशोधक विद्यार्थिनी कुमुदबाई आपलं अडलेलं संशोधन मार्गदर्शक सरांना सांगत होत्या. "ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या जिवाणूच्या जनुकांची नक्कल निघत असतानाच रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं जोडणारं यंत्र, ती वाचत येतो. ट्रिप्टोफॅन भरपूर असलं की तो न थांबता पुढे सरकतो, नकलेच्या धाग्याला आकडा पडतो आणि नक्कल सुरुवातीलाच तुटते. तुटवडा असला की तो वाटेत अडकतो, तो आकडा पडत नाही आणि नक्कल पुरी होते. माझे जिवाणू वर्षभर उपाशी आहेत, तरी नक्कल तुटतेच. शिष्यवृत्ती या महिन्यात संपतेय, सर."

आश्रुबा आत गेला.

"म्याडम, ते उपाशी न्हाईत. मी रोज चिमूटभर खाद्याची पूड टाकायलोय."

"कशाला?"

"बहात्तरच्या दुष्काळात घरात लय उपास बघितले. तुमी उपाशी ठेवा म्हणलात, मला बघवलं न्हाई."

कुमुदबाई स्टुलावर बसल्या. "त्या पुडीत ट्रिप्टोफॅन असतं. वर्ष गेलं रे माझं, आश्रुबा."

"ठाव हाय."

तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं, आणि पुढच्या महिन्यात तो कायम होणार होता. कुमुदबाईंची शिष्यवृत्ती संपली आणि आश्रुबाचं काम सुटलं.

आता तो पिंगळीच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवतो.