आष्टी ते धर्मापुरी, बॉनेटखालच्या धगीसकट

"धर्मापुरीला केदारेश्वराचं दर्शन घेऊन येऊ," मामा म्हणाले, तेव्हा मला भक्ती नव्हे, धमकी ऐकू आली. गाडी मामांची, ती भाड्यानं चालवतो मी. मागच्या महिन्यात उसाच्या ट्रॅक्टरमागं रेंगाळून ओव्हरटेकला गेलो, तर गाडी ओढेचना. समोरून एसटी, शेजारी मामा. तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "आनखी एकदा आशी मेली, तर केजच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा. मग बस शेरडं राखत."

मी इंजिनिअर नाही, पण धसका घेतला की मी शोध घेतो. दोष निघाला आत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या जागेत. तो इंजिनाला खेटून असलेल्या पाइपात होता. गाडी रेंगाळली की हवेऐवजी इंजिनाची धग मोजायचा, अडुसष्ट अंश दाखवायचा, आणि गाडीचा कॉम्प्युटर घाबरून ताकद कमी करायचा. घाबरण्यात तो माझ्यावर गेलाय. म्हणून सेन्सर हेडलाइटमागं, हवा आत शिरते त्या तोंडाशी नेला. वायर लांबवली, जोड झाळले, वर नळी चढवली. धग अडवायला मध्ये तेलाच्या डब्याचा पत्रा लावला. तुम्ही करणार असाल तर पत्र्याच्या कडा दुमडा. माझ्या अंगठ्याला तीन टाके आहेत.

आठला आष्टी सोडायची होती, मामांमुळे दहा वाजले. जामखेडवरून पाटोदा. रस्ता बरा, पुलाच्या दोन्ही तोंडांना मात्र खड्डे. पाटोद्यात भजी तीस रुपये, चहा दहा. चहाला साखर लई, पत्ती नावाला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या फोनवर सेन्सरचा आकडा पाहिला. बाहेर एकोणचाळीस, सेन्सरवर एकतीस! मी फोन मामांपुढं नाचवला.

मामा भजं मोडत म्हणाले, "मंग पुढं छागल कुनाची हाय?"

उतरून पाहिलं. पाणी गार राहावं म्हणून मामांनी ती कॅनव्हासची ओली पिशवी पुढच्या जाळीला टांगली होती, बरोब्बर हवेच्या तोंडावर. माझी कर्तबगारी थेंबाथेंबानं गळत होती.

तशीच ठेवली असती तर आकडा देखणा राहिला असता. पण हवेचं तोंड झाकून ओव्हरटेक करायची माझी छाती नव्हती. छागल मागच्या सीटखाली ठेवली.

"पानी गरम हुईल की लेका!"

"होऊ द्या मामा. गाडी गेली तर मी काय पिऊ?"

केजच्या अलीकडं तो भेटलाच. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि शिवारभर ऐकू जाईल एवढी गाणी. वीस मिनिटं दुसरा गिअर. बेचाळीस. पंचेचाळीस. सत्तेचाळीस. तिथं आकडा थांबला. समोर रस्ता मोकळा होता.

"का थांबला रं? घाल की!"

घातली. एसी चालू ठेवूनच घातली. गाडी अशी निघाली की मामांनी खिडकीवरची मूठ पकडली, ती चांगली किलोमीटरभर सोडली नाही. मग म्हणाले, "वढली." एवढंच.

धर्मापुरीला देवळाबाहेरून सावकाश फिरा, भिंतीवरच्या मूर्ती बघण्यासारख्या आहेत. दुपारी दगड तापतो, मोजे न्या. मामा गाभाऱ्यात बसले, मी बॉनेट उघडून. पत्रा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी आष्टीत, माझ्यासमोरच त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला. "गाडी द्यायची न्हाई. भाच्यानं कायतरी केलंय, आता वढती." एवढ्या मोठ्या प्रवासातून मूर्ती दोनच आठवतात, सत्तेचाळीस मात्र झोपेतही दिसतो. फोन ठेवून मामांनी हुकूम सोडला, "आता आपल्या ट्रॅक्टरचा सेन्सर हालव."

ट्रॅक्टर माझ्यापेक्षा म्हातारा. त्याला असला सेन्सर मुळातच नाही. पण तूर्तास मी हो म्हणालोय.